हुंगी

आईला तसल्या कपड्यांत बघायची सवय लेकीला नव्हती, आणि खुद्द आईलाही नव्हती. अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख, त्याच्या सांध्यासांध्यावर चिकटवलेल्या करड्या चकचकीत गोळ्या आणि वर छताला चौफेर टांगलेले कॅमेरे. लेक संगणक-चित्रण आणि व्हिडिओ गेम तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात होती, आणि त्यांच्या विभागाच्या तळघरातल्या या खोलीत माणसांची हालचाल पकडत असत. माणूस नव्हे, फक्त हालचाल. कॅमेऱ्यांना त्या गोळ्याच काय त्या दिसत, गोळ्यांवरून संगणक एक सांगाडा उभा करी आणि तो सांगाडा मग खेळातल्या कुठल्याही पात्राच्या पोटात घालता येई. राजाच्या घाला, चोराच्या घाला, नाहीतर दोन पायांवर चालणाऱ्या अस्वलाच्या.

विभागाच्या संग्रहात चाली पुष्कळ होत्या, पण सगळ्या विद्यार्थ्यांच्या, म्हणजे तरण्याताठ्या. प्रौढ बाईची चाल एकही नव्हती. म्हणून आईच्या सुट्टीच्या दिवशी लेकीने तिला आणलं होतं.

"हात पसरून सरळ उभी राहा. संगणकाला माप घेऊ दे."

"अशी? चिमणे, आता एक मडकं घाल माझ्या डोक्यावर. कावळे फिरकायचे नाहीत."

"हलू नकोस गं."

"बुजगावणं हलतं का कधी?"

खोलीत दोघीच होत्या. लेक पडद्यामागे बसली आणि म्हणाली, "आता त्या भिंतीपर्यंत चालत जा. नेहमी चालतेस तशी."

आई वीज कंपनीत मीटर वाचायचं काम करी. सगळा जन्म जिने चढण्यात आणि उतरण्यात गेला होता. तिची चाल म्हणजे घाईची, पण पाय जपून टाकणारी, एक खांदा किंचित पुढे. भिंतीपाशी पोचली आणि थांबली. टाचा उचलल्या, चवड्यांवर उभी राहिली, मान मागे टाकली, उजवा हात कानाजवळ नेऊन बोटं आवळली. क्षणभर तशीच. मग हात खाली, टाचा खाली, आणि वळून परत.

"आई, थांबायचं नाही. नुसतं चालायचं."

"थांबले का मी?"

"मीटर वाचलंस तू. नसलेलं."

आई मोठ्यांदा हसली. "भिंत आली की मान वर जाते बाई माझी. मेले मीटर बसवतात कुठे, तर दाराच्या वर, जाळ्याजळमटांत. भिंत रिकामी आहे हे मानेला कुठलं कळायला? टॉर्च देतेस का हातात, म्हणजे निदान शोभेल तरी."

पुन्हा चालली, पुन्हा थांबली. तिसऱ्या वेळी लेकीनेच नाद सोडला. राहू दे, म्हणाली, असंच छान आहे. आणि ते सगळं थांबण्यासकट संग्रहात गेलं. संग्रहात नावं नसतात. 'स्त्री, प्रौढ, चाल' एवढंच तिने लिहिलं, कारण तसंच लिहायची पद्धत होती.

बाहेर पडताना वर्गाचं दार उघडं होतं. आत एक दाढीवाला मुलगा सरांना पडद्यावर एक जिना दाखवत होता. खिडकीतून येणारा, पायऱ्यापायऱ्यांवर मोडत जाणारा पिवळट उजेड. "हा उजेड जमवायला मला फार वेळ लागला, सर," तो म्हणत होता.

आई दारातच थबकली. लेकीने तिला दंडाला धरून पुढे नेलं. विभागाच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसल्या तेव्हा आई म्हणाली, "तो उजेड तुझा."

"एकत्र काम असतं गं. आमचा एक गट आहे, मिळून गेम करतो आम्ही."

"मिळून असतं तर 'आम्हाला' म्हणाला असता. 'मला' म्हणाला. मी काय बहिरी आहे? आणि तू मूग गिळून चाललीस."

"जाऊ दे."

"जाऊ दे, जाऊ दे. लहानपणी तुझी पेन्सिल कोणी घेतली तरी जाऊ दे. तुझं मीटर आतल्या आत गरागरा फिरत असतं आणि दाराला कुलूप. वाचायचं कोणी?" आईने बूट काढून तळवा दाबला. "राग आला की राग आला म्हणावं. मी चारदा म्हणते दिवसातून, म्हणून मला झोप लागते. म्हण बघू आत्ता. मला राग आलाय."

"आई, लोक जातायत इथून."

"मग हळू म्हण."

लेक म्हणाली नाही. हसली फक्त, आणि आईच्या केसात अडकलेली एक गोळी काढून खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी आई कामावर गेली, आणि एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर जी बसली ती उठली नाही. हृदय थांबलं. बसल्या बसल्याच गेली असावी. दमलेली मीटरवाली पायरीवर टेकते यात कोणाला काय नवल? दोघं-तिघं तिच्या बाजूने पाय काढून खाली उतरून गेले. टॉर्च हातात चालूच होता. दिवसाढवळ्या पायरीवर चालू टॉर्च कशाला, असं एका शाळकरी पोरीला वाटलं, तेव्हा कुठे कळलं.

लेक विभागात परत आली तेव्हा गटातल्या मुलीने विचारलं, "होतीस कुठे?" ही मुलगी गटाची मुकादम. कोणाचं काम कधी द्यायचं हे तिच्या जिभेवर असे, म्हणून सगळे तिला घड्याळ म्हणत.

"घरी जरा काम होतं."

"बरं झालं आलीस. दिव्यांचं काम अडलंय."

एवढंच. लेकीला तेच हवं होतं. न सांगण्याचं कारण होतं, आणि ते सरांच्या खोलीबाहेर भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं. आदल्या वर्षी एका विद्यार्थ्याचे आजोबा विस्मरणाच्या आजाराने गेले. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "याचा गेम कर." त्याने केला. खेळणाऱ्याने एकेक खोली विसरत जायची. बक्षिसं आली, फोटो आले, सर आजही पाहुण्यांना त्या चौकटीसमोर उभे करून घसा खाकरतात. त्या मुलाला लेकीने एकदा त्या भिंतीकडे पाठ करून चहा पिताना पाहिलं होतं. रोज तो तसाच पाठ करून उभा राही.

सर वाईट नव्हते. पण त्यांच्या हाती दुःख लागलं की त्याला चाकं बसायची. आपली आई तिने त्यांच्या हाती दिली नाही.

गटाचा गेम भुताटकीचा होता. बंद पडलेली इमारत, खेळणारा तळमजल्यावर, आणि त्याने गच्चीपर्यंत पोचायचं. सगळा खेळ जिन्यात, कारण एकदा जिना केला की तोच मजल्यामजल्यावर चिकटवता येतो. कमी श्रमात जास्त भीती. लेकीकडे उजेड, दाढीकडे, म्हणजे त्या दाढीवाल्या मुलाकडे, भुतं, घड्याळकडे बाकी सगळं.

एका सकाळी दाढी उड्या मारतच आला. "बसा सगळे. बाई आल्यात आपल्या."

पडद्यावर जिना होता. वळणामागून एक बाई आली. वाळलेली, राखेच्या रंगाची, चेहऱ्यावर डोळे नाहीत, डोळ्यांच्या जागी ताणलेली कातडी आणि खाली लांबट नाक. घाईने, पण पाय जपून टाकत, एक खांदा किंचित पुढे. वळणावर थांबली. टाचा उचलल्या, चवड्यांवर उभी राहिली, मान मागे टाकली आणि उजवा हात कानाजवळ नेऊन बोटं आवळली.

"हुंगतेय!" दाढी म्हणाला. "डोळे नाहीत ना तिला. वासावर माणूस शोधते. मग हा पंजा वर, आणि मग झडप. नाव ठेवलंय मी. हुंगी."

घड्याळ टाळ्या वाजवत म्हणाली, "कसलं घाण चालते रे ती."

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मस्तकातून पुढे वाट नव्हती. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चाल कुठली आहे ही?"

"आपल्या संग्रहातली. 'स्त्री, प्रौढ.' कोण बाई होती कोण जाणे, चालता चालता मध्येच काय करते बघ. हे ठरवून कोणाला जमणार नाही."

आता या क्षणी तिने सांगितलं असतं, तर गोष्ट इथेच संपली असती. दाढी बिचारा ओशाळला असता, घड्याळने तिला मिठी मारली असती, आणि दुपारपर्यंत सरांचा हात तिच्या खांद्यावर आला असता. तो हात तिला आत्ताच खांद्यावर जाणवत होता. म्हणून तिने दुसरी वाट धरली.

"टाच घसरतेय," ती म्हणाली. "पायरीवर पाय ठरत नाही. वाईट दिसतंय. दुसरी चाल घे."

दुसऱ्या दिवशी टाच घसरत नव्हती. दाढी दिवसभर तेवढंच करत बसला होता. "तुझी नजर म्हणजे नजर आहे," म्हणाला. आता आईचं पाऊल पायरीवर असं पडत होतं की लेकीला बुटाचा आवाज आठवला.

"मान फार मागे जाते. माणसाची एवढी जात नाही."

"माणूस कुठाय ती?" दाढीने मान आणखी मागे नेली. गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या.

"तो हात उगाच वर होतो. काढून टाक."

"उगाच? अगं, सगळी मजा त्या हातात आहे." आणि त्याने बोटांना नखं लावली.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की तोंडावरचा हातही तिचा स्वतःचाच होता. ती जितक्या चुका काढी, तितकी हुंगी सुधारत जाई आणि तितकी आई बिघडत जाई. एकदा बाकीचे जेवायला गेले असताना तिने गटाच्या कामातून ती चाल पुसून टाकली. आल्यावर दाढीने शांतपणे परत आणली. "कोणीतरी चुकून उडवलं होतं. घाबरू नका, माझ्याकडे प्रत असते." वर प्रती ठेवण्याच्या महत्त्वावर त्याने चार शब्दही सुनावले. लेक दातओठ खात उजेड लावत राहिली. हुंगीवर पडणारा उजेडही तिलाच लावायचा होता. तिने तो कमी केला. घड्याळ म्हणाली, कमीच छान, जास्त भीती वाटते.

घरी बाबा होते. बाबांनी आईचा टॉर्च स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगला होता आणि मधूनमधून ते त्यातले सेल बदलत. टॉर्च कोणी वापरत नव्हतं. एके संध्याकाळी सेल बदलता बदलता म्हणाले, "चिमणे, तुमच्या विभागाचा निरोप आलाय माझ्या फोनवर. वर्षअखेरचं प्रदर्शन. पालकांनी अवश्य यावं म्हणतात."

"सगळ्यांना पाठवतात तो. कंटाळाल तुम्ही."

"इथे काय रोज माझं नाटक चालतं?" बाबांनी टॉर्च लावून भिंतीवर मारून बघितला. "ती त्या दिवशी फार खुशीत आली होती घरी. चिमणीने माझं चालणं ठेवून घेतलंय, म्हणाली. म्हणजे ते आहे ना अजून? बघता येईल?"

"बाबा, ते तसं नसतं. नुसते ठिपके असतात."

"ठिपके तर ठिपके. मला कळेल."

ती उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिला बाबांचा राग आला. मग दाढीचा, घड्याळचा, सरांचा. आईच्या बाजूने पाय काढून उतरून गेलेल्या दोघा-तिघांचा, ज्यांचे चेहरे तिला माहीत नव्हते, पण ज्यांचे पाय तिला दिसत. आणि सगळ्यात जास्त आईचा. तिसऱ्या मजल्यावर दम लागला होता तर दुसऱ्यावर बसायचं होतंस. दार वाजवायचं होतंस. पाणी मागायचं होतंस. मला बोल बोल म्हणून शिकवणारी तू, आणि स्वतः जिन्यात बसून गप्पगार गेलीस.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती सरांकडे गेली. सर चष्मा पुसत होते.

"सर, हुंगीची चाल बदलायची आहे."

"का? सगळ्या कामात तीच तर जिवंत आहे."

"पटत नाही मला."

"पटत नाही हे कारण नाही. तू या कोर्सच्या शेवटाला आलीस, आता कारण देता यायला हवं. तांत्रिक काय आहे?"

तांत्रिक काही उरलं नव्हतं. सगळं तिनेच दुरुस्त करून घेतलं होतं.

"काही नाही," ती म्हणाली.

"हे बघ," सर मायेने म्हणाले, "तू फार आतल्या आत ठेवतेस. कामात येऊ दे ना ते. जे दुखतं, तेच द्यायचं असतं."

ती खोलीबाहेरच्या चौकटीकडे न बघता जिना उतरली.

प्रदर्शनाला दालन गच्च भरलं. भिंतीएवढा पडदा लावला होता. पुढच्या रांगेत गेम बनवणाऱ्या कंपनीची माणसं, त्यांच्यामागे मास्तर मंडळी, मग आईवडील, भावंडं, गोंगाट. लेक पडद्याशेजारच्या मेजावर गेम चालवायला बसली होती. तिने मागची रांग शोधली. बाबा होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी, मान उंच करून डोक्यांमधून बघायचा प्रयत्न चाललेला.

दाढी ध्वनिक्षेपक हातात घेऊन उभा राहिला. बोलायला तो पटाईत. इमारतीची गोष्ट सांगितली, जिना दाखवला, "हा उजेड आम्हाला..." म्हणून लेकीकडे हातही केला. आज नेमका 'आम्हाला' म्हणाला. मग आवाज बारीक करून म्हणाला, "आणि आता भेटा आमच्या बाईंना."

वळणामागून हुंगी आली. घाईने, पाय जपून टाकत, भिंतीएवढी मोठी. थांबली. टाचा उचलल्या. मान मागे गेली. पुढच्या रांगेतलं कोणीतरी दाद देत हसलं, मग मागचेही हसले. भीती वाटली की माणसं हसतात तसं.

मागच्या रांगेत बाबा उभे राहिले होते. पिशवी खाली पडली होती. घाबरलेले नव्हते, रागावलेले नव्हते. स्टेशनवर गर्दीत आपलं माणूस दिसावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. शेजारच्या बाईला ते काहीतरी सांगत होते, पडद्याकडे बोट दाखवून. ऐकू आलं नाही, पण ओठ दिसत होते. मीटर बघतेय.

"ओ काका, बसा ना खाली," मागे दाटीने उभ्या असलेल्यांतून कोणीतरी ओरडलं. "दिसत नाही आम्हाला."

बाबा ताबडतोब बसले. सॉरी म्हणाले, हात जोडले, आणि बसले.

लेकीने खेळ थांबवला. पडद्यावर हुंगी चवड्यांवर, हात वर, तशीच राहिली. दाढीला वाटलं, यंत्र अडकलं. तो वाकून विचारायला आला, तेव्हा तिने त्याच्या हातातला ध्वनिक्षेपक घेतला. हिसकावला नाही, नुसता घेतला. ती उभी राहिली तेव्हा खुर्ची मागे पडली आणि तिने ती उचलली नाही.

"ही हुंगत नाहीये," ती म्हणाली. ध्वनिक्षेपकातून स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "तो पंजा नाही. त्या हातात टॉर्च आहे. ती मीटर वाचतेय. मीटर उंचावर असतात, म्हणून मान अशी करावी लागते."

दालनात कुजबुज झाली. कोणाला तरी हा गेमचाच भाग वाटला, त्याने टाळी वाजवायला हात उचलले.

"वाजवू नका. ही माझी आई आहे. ती वारली. जिन्यात वारली, आणि लोक तिच्या बाजूने पाय काढून गेले. मागच्या रांगेत ज्यांना तुम्ही बसा म्हणालात, ते माझे बाबा आहेत. बाबा, उभे राहा. नीट बघा. ज्याला दिसत नसेल त्याने उठून बाहेर जावं."

बाबा उभे राहिले.

दाढीचा चेहरा राखेसारखा झाला होता. घड्याळने तोंडावर हात ठेवला होता. सर जागेवरून उठले होते, चष्मा काढला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि पाण्यामागे ती ओळखीची चमक. ते तिच्या दिशेने यायला निघाले, एक हात आधीच थोडा पुढे.

"सर, तिथेच थांबा," ती म्हणाली. "याचा गेम होणार नाही. कोणी करायचा नाही, मीही करणार नाही. मला धीर नकोय. मला..."

इतक्या वर्षांत ते शब्द घशाच्या वाटेने कधी गेलेच नव्हते. तिने पडद्याकडे बघितलं, त्या ताणलेल्या गळ्याकडे, त्या उचललेल्या टाचांकडे, आणि लोकांकडे पाठ करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"आई, मला राग आलाय."